सत्तर मिनिटं आणि सात घटिका

अकोल्याहून नांदेडला मी सत्तर मिनिटांत गेलो आणि आठवड्याने परत आलो. जाताना काय काय पाहिलंत, असं मला पुष्कळांनी विचारलं. खरं सांगायचं तर जाताना मी विमानाची कड पाहिली आणि सकाळी खाल्लेले पोहे पुन्हा एकदा पाहिले, याशिवाय काही नाही. म्हणून हे सगळं वर्णन परतीच्या वाटेचं आहे.

लढाई संपली त्याच्या पुढच्या माघातली ही गोष्ट. मी मूळचा वाईचा, पण तेव्हा अकोल्याच्या विमानाच्या मैदानावर नकाशे काढायच्या नोकरीला होतो. लढाईसाठी तयार केलेलं ते मैदान आता ओस पडलं होतं, आणि एका नव्या कंपनीच्या मनात तिथून मोगलाईतल्या नांदेडपर्यंत टपाल न्यायचं आलं होतं. नांदेडला विमानतळ कसला! गुरं हाकलून मोकळा केलेला एक माळ, आणि काठीला बांधलेली, वाऱ्याने फुगणारी एक कापडी पिशवी. नकाशावर पट्टी ठेवली की या दोन मैदानांमधलं अंतर एकशे नऊ मैल भरायचं. ते मी तीनदा मोजलं होतं. रेघ वाशिमच्या अंगाने खाली उतरायची, हिंगोलीवरून जायची, आणि तिच्या बरोबर मधोमध, जिथे वऱ्हाड संपून निजामाची हद्द सुरू होते तिथे, कनेरगाव नाका यायचा. मी तिथे लाल पेन्सिलीने एक टिंब दिलं होतं. त्या टिंबाखाली माणसं राहतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं.

चाचणीच्या उड्डाणात मागच्या उघड्या बैठकीत बसून कोणतं गाव किती वाजता आलं ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम. गुरुवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही अकोला सोडलं. वाशिम मी लिहिलं. त्यानंतर पोटात जे ढवळायला लागलं ते काही आवरेना. मी कडेवरून वाकलो. पोटातलं गेलं ते गेलंच, पाठोपाठ मांडीवरची वहीही गेली. मग डोळे घट्ट मिटून घेतले ते नांदेडचा माळ चाकांना लागला तेव्हाच उघडले. घड्याळात सव्वादहा झाले होते.

त्या माळानेही आम्हाला सुखाने उतरू दिलं नाही. एका दगडाने चाकाचा दांडा वाकवला. आमचे कप्तान हे मोठे मिश्कील पारशी गृहस्थ. वहीचं ऐकून ते खो खो हसले आणि म्हणाले, "दांडा हैदराबादेहून यायला पाच-सहा दिवस लागतील. बुधवारी दुपारी ठीक चारला मी परत उडणार. तू जमिनीवरून जा, तुझ्या त्या मधोमधच्या गावात उभा राहा आणि मी किती वाजता डोक्यावरून जातो ते लिही. जमिनीवर तरी तुला ओकारी येणार नाही."

वसमत, हिंगोली

पूर्णेला गाडी बदलून मी हिंगोलीच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी हिंगोलीला संपते, पुढे रूळच नाहीत. डब्यात गर्दी बेताची होती आणि गप्पा एकाच विषयाच्या होत्या, काल आकाशातून गेलं ते काय होतं. कोणी म्हणालं निजामसरकारची स्वारी गेली, कोणी म्हणालं लढाई पुन्हा लागली. मला राहवलं नाही. छाती थोडी पुढे काढून मी सांगून टाकलं, की त्यात मीच होतो.

वसमतच्या स्टेशनात बोरं विकणारी एक म्हातारी खिडकीशी उभी होती. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुमी त्याच्यात होते? मग हात काहून न्हाई हालवला? आमी समदे खालून हालवून राहिलो होतो."

मी तिला काय सांगणार! "दिसलं नाही आजी," म्हणालो.

"एवढ्या वरून बी न्हाई दिसलं?" ती म्हणाली, आणि तिने आणखी एक मूठ बोरं माझ्या रुमालात टाकली, जणू चूक तिचीच होती.

वसमतच्या पुढे गाडी अशी चालली की डब्यातून उतरून, शेतातलं वांगं तोडून पुन्हा चढता आलं असतं. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, शाळू कापणीला आलेला, मधूनच करडईचं पिवळं वावर. आमच्या वाईला जमिनीचे तुकडे डोंगराला चिकटून असतात, इथे नजर जाईल तिथपर्यंत एकच पट्टा. त्या निवांतपणात मी एक वाईट काम केलं. नवी वही काढली आणि हरवलेल्या नोंदी मनाने लिहून काढल्या. सरहद्द नऊ बेचाळीस, हिंगोली नऊ एकावन्न, वसमत दहा तीन. अक्षर मुद्दाम थोडं थरथरतं काढलं, विमानात लिहिल्यासारखं वाटावं म्हणून. कोण विचारायला येणार आहे, असं मला वाटलं.

हिंगोलीला धर्मशाळेत उतरलो. जेवणाची सोय एका बाईच्या खानावळीत होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर हात सैल सोडून ओतलेलं करडईचं तेल. मी भात मागितला तेव्हा बाईंनी विचारलं, "बरं न्हाई का तुमाला?" इकडे भात आजाऱ्याला देतात. तेल आणि चटणी पोटात गेल्यावर मात्र विमानाने बिघडवलेलं माझं पोट ठिकाणावर आलं, आणि त्या बाईंचा मी जन्माचा ऋणी झालो.

कनेरगावची वाट

हिंगोलीहून वाशिमकडे मोटार जाते असं मला सांगितलं होतं. जाते हे खरं, पण कुठपर्यंत जाईल ते मोटारच ठरवते. रविवारी निघालेली आमची मोटार अर्ध्या वाटेत एका लिंबाखाली थांबली आणि वाफ सोडत बसली. तासाभराने मागून एक बैलगाडी आली. गाडीवान पन्नाशीचा, डोक्याला पांढरं पागोटं, चेहरा मात्र आजारातून उठल्यासारखा. सखाराम त्याचं नाव. कनेरगावच्या अलीकडे कोसावर त्याचं गाव. मला त्याने आनंदाने गाडीत घेतलं.

वाटेत त्याने विचारलं, कुठून येणं केलं. मी सवयीने छाती पुढे काढली आणि विमानाचं सांगितलं. त्याने कासरा ओढला. बैल थांबले. तो मागे वळून माझ्याकडे बघतच राहिला.

"बेस्तरवारी सकाळी गेलं, त्याच्यात तुमी होते?"

"होतो."

"मग देवानंच धाडलं तुमाला," तो म्हणाला, आणि त्या पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, तुमच्या इमानापायी माझी लेक घरी बसली हाय."

मला वाटलं विमानातून पडलेली वही कोणाच्या डोक्यात लागली. पण प्रकार निराळाच होता. त्याने सांगितला आणि घरी गेल्यावर गावच्या जोशीबुवांनी पुरा केला.

गुरुवारी सखारामच्या मुलीचं, कौसाचं, लग्न होतं. मुहूर्त सूर्योदयापासून सात घटिकांवर. इकडे मुहूर्ताला घड्याळ चालत नाही. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडतात. वाटीच्या बुडाला बारीक भोक असतं. त्यातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. वाटीजवळ एक माणूस बसवतात, तो बुडालेली वाटी काढतो, पुन्हा तरंगत सोडतो आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढतो. सूर्य उगवल्यापासून सहा बोटं ओढून झाली होती. सातवी वाटी भरत आली होती. अंतरपाट धरलेला, दोन्ही बाजूंना नवरानवरी हातात माळा घेऊन उभी, मंगलाष्टकं शेवटाला आलेली, अक्षता लोकांच्या मुठीत.

आणि आकाशात घरघर सुरू झाली.

"साहेब," जोशीबुवा मान खाली घालून म्हणाले, "मी साठ वर्षांचा आहे. तीनशे लग्नं लावली. पण खोटं बोलत नाही, मीही पळालो."

सगळा मांडव रिकामा झाला. वाटी राखणारा पळाला, वाजंत्री पळाले, अंतरपाट धरणारे दोघे तो तिथेच टाकून पळाले. आमचं विमान दिसेनासं होईपर्यंत माणसं गावाबाहेरच्या खळ्यात माना वर करून उभी होती. परत येऊन पाहतात तर वाटी घंगाळाच्या तळाशी, अंतरपाट जमिनीवर, आणि नवरानवरीच्या गळ्यांत माळा.

नवऱ्या मुलाचे वडील आबाजी पाटील हे मोठे जमीनदार आणि मोठे रागीट. वाटी कधीची बुडून गेली होती, मुहूर्त टळला, आणि ही पोरगी कोणाची वाट न बघता आपल्या हाताने माळ घालून मोकळी झाली, असल्या लग्नाची सून मी उंबऱ्यात घेणार नाही, असं म्हणून ते ताटावर न बसता वऱ्हाड घेऊन निघून गेले. जाताना मुलालाही गाडीत घालून घेऊन गेले. आज चौथा दिवस होता. हळदीच्या अंगाने मुलगी बापाच्या घरात होती आणि गावातल्या बायका पाण्याला जाताना त्या दाराकडे बघत होत्या.

मी कौसाला पाहिलं ते ती पाण्याचा तांब्या ठेवायला आली तेव्हा. सोळा-सतरा वर्षांची, सावळी, कपाळावर अजून मुंडावळ्यांच्या दोऱ्याची खूण. रडून डोळे सुजले असतील असं मला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. तिचा चेहरा रागावलेला होता.

"काय झालं ते तू सांगशील का?" मी विचारलं.

तिने बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांग लेकरा. इमानातले साहेब हायेत."

"बुवा म्हनले होते, वाटी बुडली की माळ घाल," ती म्हणाली. "घंगाळ माज्या पायापाशीच होतं. वाटी बुडली तवा आवाज बराबर डोक्यावर होता. मी माळ घातली. मग त्यांनी घातली. काय चुकलं?"

"तू वर पाहिलं नाहीस?"

"समदे वर पाहून राहिले होते," ती म्हणाली. "कोनी तरी खाली पाहायला पायजे होतं ना."

मी खिशातल्या वहीवर हात ठेवला. तिच्यात सरहद्द नऊ बेचाळीस असं थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, आणि ते मी माझ्या मनाने लिहिलं होतं. ही वही कोणाच्या हाती पडली असती तर माझ्या खोट्या वेळेने एका मुलीचा संसार मोडला असता. मी ते पान तिथेच फाडून चुलीत टाकलं. सखारामला वाटलं, पाहुण्याला विडी पेटवायची आहे.

मग जोशीबुवांना पंचांग काढायला लावलं. सूर्योदय सहा एकावन्न, सात घटिका म्हणजे दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, मुहूर्त नऊ वाजून एकोणचाळीस. माळ पडली तेव्हा विमान डोक्यावर होतं, म्हणजे विमानाची वेळ तीच माळेची. माझं गणित त्याहून सोपं. अकोल्याहून निघालो नऊ पाचला, नांदेडला उतरलो दहा पंधराला. सत्तर मिनिटं. कनेरगाव मधोमध, म्हणजे पस्तीस. नऊ चाळीस.

"एक मिनिटाचा फरक," बुवा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पण हे कागदावरचं झालं," मी म्हणालो. "वारा असतो, विमान चढायला वेळ घेतं. पाच मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात. आबाजींनी विचारलं, पाहिलंत का, तर मी काय सांगू?"

सखाराम म्हणाला, "नाक्यावर मुन्शीजी हायेत. त्यांच्याकडं घड्याळ हाय."

नाका

करोडगिरीचा नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, एक कौलारू खोली आणि पुढे चिंचेचं झाड. वऱ्हाडातून येणाऱ्या प्रत्येक पोत्याची जकात इथे द्यावी लागते. मुन्शी करीमसाहेब सत्तरीला टेकलेले, दाढी मेंदीने रंगवलेली, अंगात धुवून विरलेली शेरवानी. मी विमानातला हे कळताच ते ताडकन उठून उभे राहिले. मला वाटलं आदराने, पण त्यांनी आधी रजिस्टर उघडलं.

"आइये साब. आम्ही तुमची चार दिवसांपासून वाट बघून राहिलो. बराबर नाही केलं तुम्ही. सरहद्द ओलांडली, थांबले नाही, माल दाखवला नाही. वरच्यांनी पुसलं तर आम्ही काय जवाब द्यायचा?"

मी माफी मागितली. वरून जाणाऱ्याला बांबू दिसत नाही, हेही नम्रपणे सांगितलं. ते थोडे निवळले. चहा मागवला. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून, उर्दूत लिहिलेली एक ओळ बोटाने वाचून दाखवली. "हवाई मोटार, अदद एक. वऱ्हाडातून आली, हिंगोलीकडे गेली. थांबली नाही. मालाची तपासणी झाली नाही. वेळ, सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं."

मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच वाचलं. भिंतीवरचं घड्याळ दर सोमवारी हिंगोलीच्या स्टेशनाशी मिळवलं जातं. त्या दिवशी सोमवारच होता. शिपाई स्टेशनाशी मिळवून आणतो त्या खिशातल्या घड्याळाशी आम्ही ते ताडून पाहिलं, फरक नव्हता. सखारामने पुढे होऊन मुन्शीजींच्या पायांना हात लावला.

"अरे अरे, काय करता," मुन्शीजी मागे सरले. मग सगळी हकीकत ऐकून हळहळले. त्या वऱ्हाडाच्या गाड्या त्यांनीही जाताना पाहिल्या होत्या, आणि नवरीची गाडी का नाही म्हणून त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी स्वतःहून मराठीत नक्कल लिहून दिली, खाली शिक्का मारला.

निघताना मी सहज म्हणालो, "विमान कसं वाटलं तुम्हाला?"

ते जरा हसले. "पाह्यलंच नाही साब. आवाज आला तसा आधी घड्याळ पाह्यलं, मग कलम शोधला, मग लिहिलं. बाहेर येईपर्यंत आसमान रिकामं. पूर्ण गावात मी एकटाच राहिलो, ज्यानं नाही पाह्यलं."

"दोघं आहात," मी म्हणालो, आणि त्यांना कौसाचं सांगितलं.

आबाजींच्या ओसरीवर

आबाजी पाटलांचं गाव नाक्यापासून गोरेगावच्या वाटेवर कोसभर. मंगळवारी सकाळी मी, सखाराम आणि जोशीबुवा असे तिघे गेलो. सखारामने पागोटं नवं बांधलं होतं. गावाच्या वेशीपाशी आल्यावर तो मला म्हणाला, "साहेब, त्यांनी मला काय बी म्हनलं तरी तुमी रागवू नका."

आबाजी ओसरीवर बसले होते. धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या. आत दाराआड त्यांचा मुलगा ज्ञानबा उभा होता. त्याची सावली तेवढी दिसत होती. मी मुन्शीजींची नक्कल पुढे ठेवली, बुवांनी पंचांग ठेवलं, मी नकाशा उलगडून लाल टिंब दाखवलं. अकोला, नांदेड, एकशे नऊ मैल, सत्तर मिनिटं, अर्धी पस्तीस. आबाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग कागद पालथा घातला.

"कागदाचं काय हाय साहेब. कागद आमी बी लिहून घेतो. माझ्या डोळ्यांनी पाह्यलं त्येच खरं. मी आलो तवा वाटी तळाला होती."

"आणि वाटी बुडाली तेव्हा तुम्ही कुठे होता?" जोशीबुवांच्या तोंडून निसटलं.

आबाजींचे डोळे असे झाले की बुवा खांबाआड सरकले. मला वाटलं आता आम्हाला वाट दाखवतात. पण ते माझ्याकडे वळले. "तुमी तर वर होते. वरून समदा मांडव दिसला आसंल. तुमी सांगा, काय पाह्यलं?"

खोटं बोलायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नसती. माळ पडताना पाहिली असं म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण चुलीत टाकलेल्या पानाची मला लाज वाटत होती.

"मी काहीच पाहिलं नाही पाटील," मी म्हणालो. "अंतर मी तीनदा मोजलं होतं. पण तुमच्या मांडवावर आलो तेव्हा डोळे मिटून ओकत होतो. वहीसुद्धा पडली. खाली माणसं हात हलवत होती हे मला वसमतला एका म्हातारीने सांगितलं, आणि लग्न होतं हे सखारामने. मलाही त्याचं फार वाईट वाटतं."

आबाजी आधी हसले. चांगले मोठ्याने हसले. मग हसणं थांबलं. सखारामने मला बोलू नका अशी खूण केली.

"समद्याच्या आगुदर मी पळालो," आबाजी म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "लहान लेकरावानी. धोतर सावरत. एकच पोरगं हाय मला. त्याची माय जाताना म्हनली होती, त्याचं लगीन माज्या वाटचं बी तुमीच पाहा. आन म्या इमान पाहून राहिलो." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "त्या पोरीचं काय चुकलं न्हाई. मला बी ठाव हाय. पन तिच्याकडं पाह्यलं की मला माझं पळनंच दिसंल."

दाराआडची सावली हलली. ज्ञानबा बाहेर आला आणि बापाजवळ उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "वाटी म्या बी पाह्यली. तिनं बराबर घातली." पाच दिवसांनी त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द असावेत. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग सखारामकडे. उठले, सखारामचा हात धरून त्याला आपल्या शेजारी ओसरीवर बसवलं.

"उद्या दिवस बुडायच्या आगुदर आना तिला," ते म्हणाले. "आन आज जेवल्याबिगर कोनी जायचं न्हाई. त्या दिशी आमी उपाशी आलो, त्याची फेड करू द्या."

त्या दिवशी जे जेवलो त्याचं वर्णन करत नाही, उगाच वाचणाऱ्याला त्रास. पुरणपोळीवर तूप वाढणारा माणूस मी पुरे म्हटल्यावर वाढायला सुरुवात करत होता, एवढंच सांगतो.

बुधवार

बुधवारी दुपारी चारला कप्तान नांदेडहून उडणार होते. चार पस्तीसला, मिनिटभर इकडेतिकडे, ते माझ्या डोक्यावर यायला हवे होते. मी घड्याळ मुन्शीजींच्या घड्याळाशी मिळवून घेतलं होतं, नव्या वहीत रकाने आखले होते, पेन्सिल दोरीने मनगटाला बांधली होती. नाक्यावर उभं राहायचं ठरलं होतं. पण सखाराम म्हणाला, "तुमी न्हाई आले तर कसं?" आणि विमान काय, कोसभर इकडूनही दिसेल, असं मी मनाला समजावलं.

कौसाची गाडी आबाजींच्या दारात आली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. अंगणात सडा, उंबऱ्यावर ज्वारीने शिगोशीग भरलेलं पितळेचं माप. सुनेने ते उजव्या पायाने आत लवंडून घरात यायचं. आबाजी उंबऱ्याच्या आत, अगदी समोर येऊन उभे राहिले. ज्ञानबाची चुलती ओवाळायला पुढे झाली. कौसा मान खाली घालून उभी होती, आणि या वेळी चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ओवाळून झालं. तिने पाय उचलला.

आणि दक्षिणेकडून घरघर आली.

मी घड्याळ काढलं. माणसांत चुळबूळ सुरू झाली. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या टाचा उचलल्या गेल्या. एका बाईचा हात कपाळावर आडवा धरायला निघाला. कौसाचा पाय तसाच अधांतरी थांबला होता.

"कोनी वर पाहायचं न्हाई!" आबाजी गरजले. "समदे खाली पाहा! माझी सून येऊन राहिली!"

कोणी हललं नाही. आवाज वाढत गेला, अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, बैलांनी माना झटकल्या, कौलं थरथरली. आबाजींची नजर कौसाच्या पायावर होती. पापणी लवत नव्हती, डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरत होतं आणि ते पुसत नव्हते. कौसाने एकदा त्यांच्याकडे वर बघितलं. मग पायाने माप लवंडलं, आणि ज्वारी त्यांच्या पायांपर्यंत पसरत गेली.

विमान गेलं. मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा चार सदतीस झाले होते, पण विमान डोक्यावरून नेमकं केव्हा गेलं ते मला सांगता येणार नाही.

अकोला

अहवालात मी सगळं खरं लिहिलं. अंतर एकशे नऊ मैल, वेळ सत्तर मिनिटं. जाताना मध्यबिंदू नऊ एकोणचाळीस, आधार करोडगिरीच्या रजिस्टरची नक्कल. येताना मध्यबिंदू, नोंद करता आली नाही. कंपनीच्या साहेबांनी त्यावरून माझी चांगली हजेरी घेतली. ती मी मुकाट्याने ऐकून घेतली.

कप्तान संध्याकाळी भेटले. तेही कोड्यात पडलेले होते. "हिंगोलीपर्यंत गावोगाव लोक खालून हात हलवत होते," ते म्हणाले. "तुझ्या मधोमधच्या गावाशी मी तुझ्यासाठी मुद्दाम खाली आलो, पंखसुद्धा हलवले. नाक्यावर एक लाल दाढीवाला म्हातारा दोन्ही हात वर करून नाचत होता. आणि कोसभर पुढे एका घरासमोर शंभर माणसं मयताला जमल्यासारखी उभी होती, एकानेही मान वर केली नाही. असं मी कुठे पाहिलं नाही. कोणी गेलं होतं का रे तिथे?"

"नाही," मी म्हणालो, "सून आली होती."